लेखणी खाली ठेवण्याचा दिवस

मराठी प्रवासवर्णनांत जेरुसलेममधला शनिवार बहुधा एका तक्रारीत संपतो : दुकाने बंद, बसगाड्या बंद, दिवस वाया गेला. एखाद्या यहुदी घरी शुक्रवारच्या रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण मिळालेला लेखक असेल, तर तक्रारीची जागा भारावलेपण घेते. मेणबत्त्या, वस्त्राखाली झाकलेले पाव, अर्थ न कळलेली गाणी यांची नीटस यादी होते आणि शेवटी सर्व धर्मांचे सार एकच, असा निर्वाळा दिला जातो. पहिल्याने काही पाहिलेलेच नसते. दुसऱ्याने पाहिलेले असते, पण समजून घेण्याचे टाळलेले असते. दोष दोघांचाही एकच आहे. दुसऱ्याचा पवित्र दिवस ते आपल्या सोयीच्या मापाने मोजतात.

वस्तुतः शब्बाथ हा 'बंद'चा दिवस नव्हे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी तो सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसू लागल्यावर संपतो. जेरुसलेममध्ये मेणबत्त्या सूर्यास्ताच्या 40 मिनिटे आधी लावण्याचा प्रघात आहे. टेबलावर पाव दोन असतात, कारण रानातल्या भटकंतीत सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट मिळाला, ही कथा त्यांत जपलेली असते. मिश्नेने वर्ज्य कामांचे 39 प्रकार सांगितले आहेत. त्यांत पेरणे, कापणे, विणणे, अग्नी पेटवणे आहे. तसेच लिहिणेही आहे. दोन अक्षरे लिहिली तरी नियम मोडतो. माणूस सहा दिवस जगाला आकार देतो, सातव्या दिवशी जग आहे तसे राहू देतो, हा त्यामागील विचार आहे.

या जेवणाच्या टेबलाशी बसून टिपणवही उघडणाऱ्या लेखकाची विसंगती येथेच उघड होते. नियम यहुद्याला बांधतो, पाहुण्याला नाही, हे खरे. परंतु विसाव्याच्या त्या आज्ञेत मुलामुलींबरोबर दासदासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परकाही गणलेला आहे. म्हणजे या दिवसाने परक्याला प्रेक्षक म्हणून बाहेर ठेवलेले नाही; त्यालाही विसावा देऊ केला आहे. तो नाकारून सामग्री गोळा करीत बसणे, हे आतिथ्याचे मोल न कळल्याचे लक्षण होय.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेणे रास्तही आहे. शब्बाथचे असे गुणगान करताना त्यातील सक्ती झाकली जात नाही काय? झाकली जाऊ नये. 1947 साली बेन-गुरियन यांनी धार्मिक पक्षाला लिहिलेल्या पत्रात, नव्या राज्यात शनिवार हा अधिकृत विश्रांतीचा दिवस राहील, असे आश्वासन होते. जेरुसलेममधील बार-इलान रस्ता शनिवारी वाहनांना बंद असावा की नाही, यावरून 1990च्या दशकात यहुद्यांतच तीव्र संघर्ष झाला. हैफात मात्र शनिवारीही काही बसगाड्या धावत आल्या आहेत. त्याच जेरुसलेममध्ये शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाला जाणारे मुसलमान आहेत, रविवारी घंटा वाजवणारी चर्चेसही आहेत. थांबलेल्या बसची शांतता सर्वांना सारखीच सुखद नसते. हा वाद टाळणारे भारावलेपण खोटे असते. तथापि वाद समजण्यासाठीही आधी त्या दिवसाचा अर्थ ठाऊक असावा लागतो. केवळ आपली गाडी चुकली म्हणून केलेली तक्रार ही टीका नव्हे.

मराठी लेखकाला तर हे अज्ञान मुळीच शोभत नाही. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्रायल समाजाला कोकण 'शनवार तेली' म्हणत आला. त्यांचा तेलाचा घाणा शनिवारी थांबे, म्हणून हे नाव. शेजाऱ्याच्या धर्माची नोंद भाषेने त्याच्या विश्रांतीच्या दिवसावरून केली. या घरांत द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांच्या सरबतावर आशीर्वाद म्हटला जाई. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनालय 1796 सालचे. 1948 नंतर समाजातील बहुतेक जण इस्रायलला गेले. तेथे विवाहाच्या प्रश्नावर धर्मपीठाने त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली. आंदोलनानंतर 1964 साली तेथील संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी मानावे, असे जाहीर केले. ज्या शनिवाराने कोकणात त्यांना वेगळे ओळखवले, तो पिढ्यान्‌पिढ्या पाळूनही त्यांना आपली ओळख सिद्ध करावी लागली. ही वेदना मराठीत बोलली गेलेली आहे. तरीही मराठी प्रवासी लेखकाला शब्बाथ जेरुसलेममध्ये प्रथमच 'सापडावा', हे आपल्या वाङ्मयीन स्मृतीचे दारिद्र्य आहे.

लेखकाने लिहूच नये, असा याचा अर्थ नाही. शनिवारी रात्री द्राक्षारस, मसाल्यांचा सुगंध आणि पिळाची मेणबत्ती यांनी शब्बाथला निरोप दिला जातो. नंतर दिवे लागतात, रस्त्यावर गाड्या येतात, कामाचा आठवडा सुरू होतो. वही उघडण्याची वेळ ती आहे. तोपर्यंत टेबलाशी केवळ बसून राहणे ज्याला जमले, त्याच्यापाशीच त्या दिवसाविषयी सांगण्यासारखे काही असेल.