यादी आणि चौकट

गेल्या महिन्यांत मोरा बंदराच्या धक्क्यावर आम्ही मुंबईस जाणाऱ्या लाँचची वाट पाहत बसलों होतों. ओहोटीमुळें लाँचला उशीर होता. वेळ घालविण्याकरितां आमच्या थोरल्या वहिनी मोबाईलमधील नको असलेलीं चित्रें पुसत होत्या. प्रत्येक खेपेस यंत्र विचारी, ‘खात्री आहे काय?’ आणि वहिनी ‘होय’वर बोट टेकवीत. विसाव्या-पंचविसाव्या ‘होय’बरोबर कैलासवासी दादांची शेवटची बोलती चित्रफीत नाहींशी झाली. वहिनींच्या तोंडून शब्द फुटेना.

दोष वहिनींचा, असें तरुण मंडळी म्हणाली. मला तें पटलें नाहीं.

यंत्राशीं आपला व्यवहार दोन रीतींनीं होतो. पहिली मेन्यूची, म्हणजे यादीची. यादी फडताळासारखी असते. उघडावी, काय काय आहे तें पाहावें, नको असल्यास मिटावी. तिचा कसलाच आग्रह नाहीं. दुसरी रीत डायलॉग बॉक्सची, म्हणजे प्रश्नाच्या चौकटीची. ही उंबरठ्यांत आडव्या उभ्या राहिलेल्या माणसासारखी. उत्तर दिल्यावांचून पुढें जाऊं देत नाहीं. म्हणून नित्याच्या कामास यादी असावी. अधिक माहिती विचारणें भाग असेल, अथवा केलेलें परत फिरवितां येणार नसेल, तेथेंच चौकट आणावी. वर्गांत उठल्याबसल्या ‘समजलें का?’ असें विचारणाऱ्या मास्तरास मुलें न ऐकतांच ‘होय’ म्हणतात. हा माझा स्वतःचा अनुभव आहे!

चौकटींतील शब्दही तोलून घातले पाहिजेत. ॲपल कंपनीचा ‘लिसा’ संगणक १९८३ सालीं बाजारांत आला. तो घडत असतां संमतीच्या बटनावर इंग्रजींत ‘डू इट’, म्हणजे ‘कर’, असें लिहिलें होतें. दोन शब्दांमधील अंतर नीट न दिसल्यामुळें चांचणीस बसलेल्या एकानें तें ‘डोल्ट’, म्हणजे ‘मूर्ख’, असें वाचलें, आणि यंत्र आपणांस मूर्ख म्हणतें म्हणून तो रागावला! पुढें तेथें ‘ओके’ आलें. पण नुसत्या ‘ओके’नें किंवा ‘होय’नें तरी काय उमजतें? ‘चित्र पुसा’ आणि ‘राहूं द्या’ अशीं बटनें असतीं, तर वहिनींचें बोट कदाचित् क्षणभर थबकलें असतें.

याहून उत्तम उपाय म्हणजे चूक परत घेण्याची सोय. आयफोनांत पुसलेलें चित्र सुमारें ३० दिवस निराळ्या कप्प्यांत राहतें. वहिनींच्या साध्या फोनांतही यादीच्या तळाशीं तशीच एक टोपली निघाली, आणि लाँच धक्क्यास लागण्यापूर्वीं दादा पुन्हां बोलूं लागले. वहिनींनीं पदरानें डोळे टिपले.

वडील मंडळींस माझी विनंति इतकीच कीं, चौकट आली म्हणजे ती मोठ्यानें वाचावी. ‘पैसे मिळण्यासाठीं पिन घाला’ असें कोणी सांगितल्यास तर मुळींच घालूं नये; यूपीआयचा पिन पैसे देण्यास लागतो, घेण्यास नव्हे. आणि संगणकविद्या शिकणाऱ्या नातवंडांनीं ध्यानांत ठेवावें: माणसास वारंवार अडवूं नका, अडवाल तेव्हां कारण सांगा, आणि तो चुकलाच, तर त्याला परतीची वाट ठेवा.