यंत्राच्या पोटातील आज्ञा

आपल्या घरातील राउटर, दारावरचा कॅमेरा, कपडे धुण्याचे यंत्र, या प्रत्येकाच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्याला चालविणाऱ्या आज्ञांना फर्मवेअर म्हणतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून त्यांची चौकशी कोणी करीत नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये याचे फळ जगाला मिळाले. मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी हल्ला करून ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास विस्कळीत केल्या. कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला होता. काही यंत्रांत तर तो बदलण्याची सोयच नव्हती.

पासवर्ड हा वरवरचा दोष झाला. खोलवरचा दोष भाषेत आहे. बहुतेक फर्मवेअर सी भाषेत लिहितात. ती वेगवान आहे, पण दहा खणांच्या कपाटात अकराव्या खणात हात घातला तरी ती अडवीत नाही. चोर तेथूनच शिरतो.

फंक्शनल भाषेची रीत गणिताच्या फलनासारखी आहे. दोन आणि तीन दिले की उत्तर पाचच. मागून कोणी काही बदलत नाही. म्हणून प्रोग्रॅम तपासणे सोपे जाते. हॅस्केल ही अशीच भाषा. मात्र तिला स्मृती पुष्कळ लागते, लहान चिपमध्ये ती मावत नाही. यावर गॅलोआ या अमेरिकन संस्थेने तोड काढली. हॅस्केलच्या आधाराने आयव्हरी ही भाषा रचली. आयव्हरी चुका आधीच पकडते आणि मग सुरक्षित सी मजकूर तयार करून देते. अमेरिकेच्या डार्पा संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या योजनेत लहान ड्रोनचे उड्डाण-नियंत्रण याच भाषेत लिहिले गेले. ऑस्ट्रेलियातील एसईएल४ या गाभ्याचा नमुनाही प्रथम हॅस्केलमध्ये लिहिला होता. मग सुमारे ८,७०० ओळींचा सी मजकूर बरोबर असल्याचे २००९ मध्ये गणिताने सिद्ध केले.

परंतु हे काम खर्चाचे व सावकाशीचे आहे. स्वस्त कॅमेरा विकणारा ते आपणहून करणार नाही. त्याला कायदाच हवा. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. त्याच्या मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील, असे त्यातच ठरविले आहे.

आपले बेट ही यंत्रे बाहेरूनच आणते. तेव्हा विकत घेताना किमतीबरोबर एवढे विचारावे: पासवर्ड बदलता येतो का? दुरुस्त फर्मवेअर किती वर्षे मिळेल? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल, तर ते यंत्र घरी आणण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.