अर्ध्या विटेचा हिशेब



जमाखर्चात चूक सापडली तर ती दुरुस्त करण्याची एक ठरलेली रीत आहे. आकडा खरवडायचा नाही. उलट नोंद घालायची, खाली खुलासा लिहायचा आणि सही करायची. छत्तीस वर्षे बँकेत मी हेच करीत आलो. बालपणीच्या चुकांना मात्र उलट नोंद घालता येत नाही. खुलासा तेवढा लिहिता येतो. आजचा लेख हा असाच एक खुलासा आहे, आणि तो खेळण्यातील एका प्लॅस्टिकच्या विटेविषयी आहे.

साल १९६८. नाचणगावात आमचे एकत्र कुटुंब होते. घराच्या पुढच्या भागात किराणा व सरकी-ढेपेचे दुकान, मागे वाडा. मी नऊ वर्षांचा आणि चुलतभाऊ आठ वर्षांचा. काकूंचे बंधू पूर्व आफ्रिकेतून लंडनला स्थायिक झाले होते. त्या वर्षी ते बहिणीला भेटण्यासाठी आले. पुलगाव स्टेशनावर उतरून ते टांग्याने घरी पोहोचले, तेव्हा त्यांच्या सामानात लेगोच्या विटांचा एक खोका होता. तो काळ आयात परवान्यांचा होता. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील संख्यात्मक बंधने पुरती उठायला पुढे १ एप्रिल २००१ हा दिवस उजाडावा लागला. असे खेळणे आमच्या पंचक्रोशीत कोणी पाहिलेले नव्हते. खोका देताना मामा म्हणाले, "दोघांचा आहे हं, दोघांनी मिळून खेळा."

त्या विटांशी मी कसा वागलो, ते क्रमाने सांगतो.

पहिला अपराध दातांचा. पातळ पट्ट्या एकमेकींना घट्ट बसत, नखांनी सुटत नसत, म्हणून मी त्या दातांनी उचकटीत असे. ते व्रण आजही त्यांच्या कडांवर आहेत.

दुसरा अपराध अज्ञानाचा. गावाबाहेरच्या भट्टीत कच्च्या विटा रचून भाजतात हे मी पाहिले होते. न भाजलेली वीट पावसात विरघळते, असे एका गवंड्याने मला सांगितले होते. तेव्हा आपल्याही विटा पक्क्या कराव्यात या सद्हेतूने पाच पांढऱ्या विटा मी चुलीच्या ऊन राखेत पुरून ठेवल्या. तासाभराने त्या वाकड्यातिकड्या होऊन निघाल्या. या अपराधाचे मला आज हसू येते.

तिसऱ्याचे येत नाही. एके दुपारी आम्हां दोघांत भांडण झाले. मामा त्याचे, म्हणून खोकाही त्याचा, असे तो म्हणाला. मी दुकानात वाढलेला मुलगा, म्हणालो, "मग वाटणीच करून टाकू, चोख." पट्ट्या वाटल्या, चाके वाटली, पांढऱ्या विटा वाटल्या. वर आठ खुंट्या असलेल्या लाल विटा मात्र २७ निघाल्या. तेरा त्याच्या, तेरा माझ्या आणि एक उरली. "ती राहू दे ना दादा, दोघांची," असे तो म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. मी ऐकले नाही. दुकानातून हॅक्सॉचे पाते आणले, वीट उंबरठ्यावर पायाने दाबून धरली आणि बरोबर मध्यावर कापली.

आजोबांनी ते दोन तुकडे हातात घेऊन पाहिले. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, "आता यातला कोणता भिंतीला लागेल?" दोन्ही लागले नाहीत. का लागले नाहीत, ते मला पुष्कळ वर्षांनी समजले.

डेन्मार्कमधील बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. त्यांच्या कारखान्याची एक गोष्ट व्यापारी घरांत सांगण्याजोगी आहे. लाकडी बदकांना रोगणाचे तीन हात देण्याचा तेथे रिवाज होता. मुलगा गॉटफ्रेड याने एकदा दोनच हात देऊन माल स्टेशनवर रवाना केला आणि पैसे वाचवल्याचे वडिलांना कौतुकाने सांगितले. वडिलांनी त्याला बदके परत आणायला लावली आणि तिसरा हात देऊनच पुन्हा पाठवायला सांगितले.

प्लॅस्टिकच्या विटा तेथे १९४९ पासून होऊ लागल्या. ब्रिटनमधील हिलरी पेज यांच्या विटांचा नमुना त्यांच्यापुढे होता. परंतु त्या आतून पोकळ असल्यामुळे त्यांची पकड ढिली राही. गॉटफ्रेड यांनी विटेच्या पोटात नळ्या बसविल्या आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. आठ खुंट्यांच्या विटेत अशा तीन नळ्या असतात. खालच्या विटेच्या खुंट्या या नळ्या आणि बाहेरच्या भिंती यांच्या मध्ये दाबून बसतात; विटेचा सारा जोर त्या पकडीत असतो. साचा इतका काटेकोर असतो की मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचीही चूक चालत नाही. म्हणूनच १९५८ ची वीट आजच्या विटेवर बिनचूक बसते.

मी ज्या ठिकाणी कापली, तेथे बरोबर मधली नळी होती. शिवाय वीट ३१.८ मिलिमीटर लांब, आणि पात्याने जवळजवळ एक मिलिमीटर खाल्ले. ते अर्धे आणि हे अर्धे मिळून पूर्ण वीट होत नव्हती. जो कीस उंबरठ्यावर सांडला, तो त्याच्याही वाट्याला आला नाही आणि माझ्याही.

आता पुढचे. १९८१ मध्ये वडील व काका विभक्त झाले. भांडण मोठे नव्हते. पण एकदा वाटणी हा शब्द उच्चारला गेला की तो चोखच हवा असतो. दुकानाची दर्शनी रुंदी चौदा फूट होती. मधोमध नऊ इंची भिंत घालण्यात आली. प्रत्येकाच्या वाट्याला सहा फूट साडेसात इंच आले आणि नऊ इंच भिंतीत गेले. अरुंद गाळ्यात ढेपेची पोती ठेवावीत तर गिऱ्हाइकाला उभे राहण्यास जागा उरेना. तीन पिढ्यांची शेतकरी गिऱ्हाइके दोन पायऱ्यांपुढे घुटमळत. एकाकडे जावे तर दुसऱ्याला वाईट वाटेल, या संकोचाने ती हळूहळू पुलगावच्या बाजारी जाऊ लागली. सहा वर्षांत दोन्ही गाळे बंद झाले. त्यापूर्वीच मी बँकेच्या नोकरीत शिरलो होतो.

बँकेत असता ही गोष्ट मी किती वेळा पाहिली, त्याची मोजदाद नाही. भागीदारांपैकी एक जण पत्र घेऊन येई: आमच्या पेढीच्या खात्यावरील व्यवहार थांबवा. ते पत्र आले की खाते थांबवणे भाग असे. मग धनादेश परत जात, पुरवठादारांचा विश्वास उडे आणि हंगाम हातचा निघून जाई. भारतीय भागीदारी अधिनियमही १९३२ चाच. त्याच्या कलम १४ मध्ये पेढीच्या मालमत्तेत तिचा नावलौकिकही गणला आहे, आणि पेढी विसर्जित झाल्यावर तो विकण्याची तरतूद कलम ५५ मध्ये आहे. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की पत ही मालमत्ता आहे. ती एखाद्याला देता येते, विकता येते, पण मधोमध कापता येत नाही.

विटांचे गणितही हेच सांगते. आठ खुंट्यांची एक वीट एकटी काही करू शकत नाही. त्याच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात, तीन विटा १,०६० प्रकारे. सहा विटा किती प्रकारे जोडता येतात, ते कोपनहेगन विद्यापीठाचे गणितज्ञ सोरेन आइलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने काढले: ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५. वाटणी करताना मी विटा मोजल्या होत्या; त्यांच्यातील या जोडण्या मोजल्या नव्हत्या.

आपल्याकडे पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण ही चौथी समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना जपावे, सूक्ष्म जीवालाही इजा होऊ नये. वीट अजीव, तिला दुखले नाही. पण ती उचलताना आणि ठेवताना शेजारी एक आठ वर्षांचा जीव बसला होता, त्याकडे माझे लक्ष नव्हते.

मागील वर्षी नातीसाठी नव्या विटांचा खोका घरी आला. माझा जुना पत्र्याचा डबा मी उघडला. दातांचे व्रण असलेली पट्टी बसली. तेरा लाल विटा नव्या विटांवर अशा बसल्या, जणू एकाच खोक्यातून निघाल्या. अर्धी वीट मात्र बसविली की डुगडुगे; नातीने ती बाजूला ठेवून दिली. क्षमापनेच्या दिवशी तो तुकडा खिशात घालून मी भावाकडे गेलो आणि सगळे सांगितले. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "वीट कापल्याचं मला नाही आठवत, दादा. माझा तुकडा कधीच हरवला असेल. मला आठवतं ते वेगळंच. त्या दिवसापासून तू तुझा डबा कुलपात ठेवायचास आणि रोज संध्याकाळी विटा मोजायचास. माझ्याबरोबर परत काही बांधलंच नाहीस."

माझ्या खुलाशात ही नोंदच नव्हती. पंचावन्न वर्षे मी चुकीच्या आकड्यावर बोट ठेवून बसलो होतो.

वाचकहो, विभक्त होणे हे पाप नव्हे. घरे वाढतात, चुली वाढतात. परंतु वाटणीपत्र लिहायला बसाल तेव्हा आधी एक यादी करा: कशाचे भाग होतात आणि कशाचे होत नाहीत. १८९३ च्या वाटणी कायद्यानेही हा भेद मानला आहे. सोयीने तुकडे न होणाऱ्या मालमत्तेसाठी निम्म्या किंवा अधिक हिस्स्याच्या धन्यांनी मागणी केली, तर न्यायालय ती विकून पैसे वाटून देऊ शकते. आणि दुसऱ्या हिस्सेदाराला मूल्य ठरवून त्यांचा हिस्सा विकत घेण्याची मुभा आहे. न्यायालयापर्यंत न जाता हेच घरातील वडीलधाऱ्यांसमोर करता येते. दुकान एकाने घ्यावे, दुसऱ्याला रास्त मोबदला द्यावा. आणि एखादी वस्तू उरलीच, तर ती दोघांची म्हणून राहू द्यावी. आमच्या त्या सत्ताविसाव्या विटेबाबत आठ वर्षांच्या मुलाने हेच सुचवले होते.

निघताना माझा तुकडा मी भावाकडेच ठेवून आलो. दिवाळीच्या सुट्टीत त्याचा नातू आणि माझी नात एकत्र येणार आहेत. पत्र्याचा डबा तेव्हा बिनकुलपाचा असेल.