मराठीत 'ताई' बहीण, कन्नडमध्ये आई: सारख्या शब्दांचे अर्थ का बदलतात?

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी नांदतात. तिथं मराठी माणसासाठी 'ताई' म्हणजे मोठी बहीण. कन्नडमध्ये मात्र 'तायी' म्हणजे आई.

हाकेत असा घोटाळा झाला तर हसून सोडून देता येतो. पण तोच शाळेत, बातमीत किंवा मोबाईलवरच्या भाषांतरात झाला तर?

हा प्रश्न आत्ता का महत्त्वाचा?

नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतमधल्या ४० गावांवर दावा सांगितला आणि सीमावाद पुन्हा पेटला. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला. विरोधानंतर २९ जून २०२५ ला सरकारनं तो मागे घेतला.

त्या वादात एक मुद्दा वारंवार ऐकू आला: मराठी आणि हिंदीची लिपी एकच आहे, मग मुलांना जड काय जाणार? पण लिपी एक असली म्हणजे अर्थही एकच असतो का?

एक शब्द, तीन भाषा

अवकाश: मराठीत 'अजून अवकाश आहे' म्हणजे वेळ आहे. अंतराळालाही आपण अवकाश म्हणतो. हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. कन्नडमध्ये संधी.

प्रपंच: मराठीत घरसंसार. सातारा जिल्ह्यात सज्जनगडावर समाधी असलेल्या समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'त प्रपंच आणि परमार्थ ही जोडी याच अर्थानं येते. हिंदीत प्रपंच म्हणजे झमेला किंवा छळकपट. कन्नडमध्ये अख्खं जग.

शिक्षा: हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. कन्नडमधला 'शिक्षे' हा शब्दही दंडाचाच.

राजीनामा: मराठीत पद सोडण्याचं पत्र. कन्नडमध्ये 'राजीनामे'चा अर्थ तोच. हिंदीत मात्र राजीनामा म्हणजे दोन्ही बाजूंना मान्य असलेली लेखी तडजोड. पद सोडायचं असेल तर तिथं 'इस्तीफा' देतात.

कादंबरी: हा शब्द मराठी आणि कन्नड वाचकाला सारखाच कळतो. हिंदीत तिला 'उपन्यास' म्हणतात. आणि कन्नडमध्ये 'उपन्यास' म्हणजे व्याख्यान!

म्हणजे लिपी वेगळी असूनही शेवटच्या तीन शब्दांत मराठी कन्नडच्या बाजूला उभी आहे आणि लिपी एक असूनही हिंदीपासून लांब.

असं होतं कसं?

यातले बहुतेक शब्द संस्कृतमधून आले, राजीनामा फारसीतून. मूळ शब्दात अर्थाच्या अनेक छटा असतात आणि प्रत्येक भाषा आपल्याला हवी ती उचलते. अवकाश म्हणजे मुळात मोकळी जागा. वेळ मोकळा मिळाला की सुट्टी, काही करायला वाव मिळाला की संधी. प्रपंच म्हणजे पसारा. तो विश्वाचा असू शकतो, घराचा किंवा भानगडींचाही.

चिनी आणि जपानी भाषांत हेच घडलंय. जपाननं चीनकडून चित्राक्षरं घेतली. आज 'हात' आणि 'कागद' ही दोन अक्षरं शेजारी लिहिली, तर जपानी माणूस 'पत्र' असं वाचतो आणि चिनी माणूस 'टॉयलेट पेपर'. एका अक्षराचा अर्थ जपानीत 'मुलगी' आहे, चिनीत त्याच अक्षराचा एक अर्थ 'आई'. आपल्या ताई-तायीसारखंच.

वाक्प्रचारही फसवतात

'सकाळी तीन, संध्याकाळी चार' हा चिनी वाक्प्रचार माकडांच्या एका जुन्या गोष्टीतून आला. सकाळी तीन आणि संध्याकाळी चार फळं मिळणार म्हटल्यावर माकडं चिडली. सकाळी चार आणि संध्याकाळी तीन म्हटल्यावर खूश झाली. जपानीत हा वाक्प्रचार वरवरच्या फरकाला भुलण्यासाठी किंवा तसं भुलवण्यासाठी वापरतात. आजच्या चिनीत तो सतत मन बदलणाऱ्यासाठी वापरतात.

आपल्याकडे 'तारे तोडणे' घ्या. हिंदीत 'तारे तोड़ लाना' म्हणजे अशक्य वाटणारं काम करून दाखवणं. मराठीत कुणी अकलेचे तारे तोडले, तर ते कौतुक नसतं.

मग करायचं काय?

सीमाभागातल्या बातम्यांची भाषांतरं फॉरवर्ड होतात, तेव्हा ही सावधगिरी जास्त लागते. समजा, कन्नड बातमीत एखाद्या संघटनेचा 'आग्रह' आहे. कन्नड बातम्यांमध्ये याचा अर्थ 'मागणी' असा होतो. मराठीत आग्रह म्हटला की हट्ट किंवा जेवणाच्या पंगतीतली 'अजून एक पोळी' आठवते. शब्द जसाच्या तसा उचलला की साधी मागणी हटवादी वाटू शकते. त्यामुळे ओळखीचा शब्द दिसला तरी पूर्ण वाक्य वाचा आणि ती भाषा बोलणाऱ्याला विचारा.

शाळांसाठीही धडा हाच आहे. 'शिक्षा' हा शब्द मराठी मुलाला पहिल्या दिवसापासून वाचता येईल. पण हिंदीत तो दंड नाही, शिक्षण आहे, हे कुणीतरी सांगावंच लागेल. आणि जतच्या कन्नड माध्यमाच्या शाळेतलं मूल मराठी शिकतं, तेव्हा त्याला लिपी नवी असली तरी कितीतरी शब्द घरचेच असतात. भाषा सोपी की अवघड हे ठरवताना लिपीसोबत हाही हिशोब मांडायला हवा.