माझा उंदीर तरंगतोय!

मंडळी, मागच्या अंकात बॅकअपवर लिहिलं तेव्हा तिघांचे फोन आले. लेख छान होता म्हणाले. बॅकअप घेतलात का, असं विचारल्यावर तिघंही हवापाण्याबद्दल बोलायला लागले. म्हणून या खेपेला उपदेश नाही. या खेपेला चित्र काढायचं आहे.

गोष्ट गेल्या गणेशोत्सवाची. जूनमध्येच कार्यकारिणीतल्या एका वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवर बाप्पाच्या पायाशी उंदराऐवजी कॉम्प्युटरचा माउस दाखवायचाय. आपल्यातले निम्मे लोक त्यातलेच, सगळ्यांना आवडेल. पण खराखुरा दिसला पाहिजे हं, कार्टून नको." कल्पना काही अगदी नवी नव्हती, पण ते वहिनींना सांगणार कोण? शिवाय आपण इंजिनिअर, बावीस वर्षं दिवसाचे आठ-दहा तास हातात माउस. त्यात काय अवघड, असं वाटून मी हो म्हणून बसलो.

आधी सरळ फोटो काढून पाहिला. पण बाप्पाचं चित्र आपल्या एका काकूंनी जलरंगात काढलेलं, प्रकाश डावीकडून येणारा. त्यात फोटोतला माउस लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा दिसायला लागला. तेव्हा काढायचंच ठरवलं. फोटोशॉप विकत घेण्याइतका मी हौशी नाही. (नोल नावाच्या दोघा भावांचं हे फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. त्यात थरांवर थर रचायची सोय, म्हणजे लेअर्स, आली १९९४ मध्ये.) माझी भिस्त गिंपवर. बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला आणि १९९६ मध्ये लोकांना खुला केलेला हा प्रोग्रॅम आजही फुकट मिळतो आणि आपल्या कामाला पुरून उरतो.

पहिला प्रयत्न पाऊण तासात संपला. एक लंबगोल, वरून खाली पांढऱ्यापासून करड्यापर्यंत जाणारा ग्रेडियंट, मध्ये एक काळी रेघ, एक चाक. लेकीला बोलावलं. ती पंधरा वर्षांची आहे, म्हणजे घरातली सर्वात कडक परीक्षक. ती म्हणाली, "बाबा, हा साबण आहे." थोडं थांबून, "आणि तो हवेत तरंगतोय." सौ. म्हणाली, मला तर मोदक वाटला, म्हणजे बाप्पाला चालेल.

मला एकदम साताऱ्याच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर आठवले. तुमच्यापैकी पुष्कळांनी एलिमेंटरीची परीक्षा दिली असेल. वस्तुचित्राच्या पेपरला स्टुलावर घडी पाडलेलं कापड, त्यावर पितळी तांब्या, शेजारी एखादं वांगं. मी तांब्याची बाह्यरेषा अशी झकास काढायचो, आणि मग ती काळ्याभोर पेन्सिलीने गिरवायचो. सर मागून येऊन म्हणायचे, "अरे, तांब्याला रेघ आहे का कुठे? जिथे उजेड संपतो तिथे कड दिसते. उजेड कुठून येतोय ते आधी सांग." मला सांगता यायचं नाही. मिळाली सी ग्रेड. पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो. तिथे प्रत्येक वस्तूला रेघ असते आणि उजेड कुठून येतो ते कोणी विचारत नाही.

तर त्या रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर माउस ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. पण दिसेना काही! बाहेर आपलं नेहमीचं डब्लिनचं आकाश, उन्हाळ्यात रात्री साडेनऊलाही दुधाळ उजेड. ढगातून येणारा हा उजेड चारी बाजूंनी येतो, त्यामुळे सावली म्हणजे नुसता पुसट डाग. आपण ज्या उजेडात वाढलो तो वेगळा. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर एक दिवस असा येतो, की भर दुपारी उभ्या काठीची सावली पार तिच्या पायाखाली जाते. इथे डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर येतो, तोही दिसला तर. लेक इथेच जन्मलेली. तिला सरांचा प्रश्न विचारला, "उजेड कुठून येतोय?" ती म्हणाली, "सगळीकडून." तिचं बरोबरच होतं. मग पडदे ओढले, टेबललॅम्प डावीकडे ठेवला, आणि माउसला एकदम पोट, पाठ, खांदे फुटले.

आता कृती. ज्यांना करून पाहायचंय त्यांनी हा अंक कॉम्प्युटरशेजारी ठेवावा, बाकीच्यांनी दोन परिच्छेद उडी मारली तरी राग नाही.

आकार पाथ टूलने काढा, हाताने नको. चार-सहा बिंदू ठेवून त्यांच्यातली वक्ररेषा ओढून-ताणून बसवायची. या रेषा मूळच्या मोटारींच्या. १९६० च्या सुमारास फ्रान्समध्ये रेनोतल्या बेझिएने आणि सिट्रोएनमधल्या द कास्तेल्जोने गाड्यांच्या पत्र्याचे बाक गणितात बसवण्यासाठी त्या स्वतंत्रपणे शोधल्या. माउसचा बाकही गाडीच्या बॉनेटसारखाच असतो, म्हणून त्या इथे चपखल बसतात. पाथचं सिलेक्शन करून आत मधला करडा रंग भरा. पांढरा माउससुद्धा पांढरा नसतो. शुद्ध पांढरा राखून ठेवा, तो फक्त एका ठिकाणी लागणार आहे. मग नव्या लेअरवर उजव्या-खालच्या बाजूला गडद रंगाचा पट्टा ओढून तो ब्लर करा, भरपूर. आणखी एका लेअरवर डावीकडे वर तसाच फिका पट्टा. उजवीकडची कड अगदी काळी करायची नाही हं. टेबलावर आपटून परत आलेला उजेड पोटाला खालून लागतो. आमचं टेबल पाइनचं, म्हणून तिथे किंचित पिवळट झाक दिली. शेवटी तो राखून ठेवलेला पांढरा, दिव्याचं प्रतिबिंब म्हणून. प्लॅस्टिक चकचकीत असेल तर ठिपका लहान आणि रेखीव, खरबरीत असेल तर पसरट आणि मऊ.

दोन बटणांमधली फट ही खरी गंमत. मी काळी रेघ मारली होती, ती रेघच दिसत होती. लॅम्पखाली डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा कळलं, की काळ्या फटीला लागून, दिव्याच्या पलीकडच्या बाजूला एक केसाइतकी उजळ रेषा आहे. प्लॅस्टिकची ती धार उजेड पकडते. एक पिक्सेल काळा, त्याला चिकटून एक पिक्सेल फिका, एवढंच. ती दुसरी रेघ ओढली आणि फट खरोखरच खोल गेली. मी ओरडलोच. सौ. धावत आली, तिला वाटलं शॉक बसला.

राहिलं तरंगणं. मी खाली एकच मोठी मऊ सावली घातली होती. पण टेबलावर ठेवलेल्या वस्तूला दोन सावल्या असतात म्हणा ना. एक अगदी बुडाशी, जिथे वस्तू टेकते तिथे, चिंचोळी, जवळजवळ काळी. दुसरी उजेडाच्या विरुद्ध बाजूला पसरणारी, दूर जाताना फिकट आणि पुसट होणारी. पहिली नसली की वस्तू टेकतच नाही. दोन्ही वेगळ्या लेअरवर घेतल्या, आणि साबण खाली उतरला.

एवढं सगळं होईपर्यंत चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, हे बघ," आणि फोन पुढे केला. कृत्रिम बुद्धीच्या कुठल्याशा प्रोग्रॅमला तिने एक वाक्य लिहून दिलं होतं आणि दहा सेकंदांत माउस तयार. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा देखणा. मी जरा गप्पच झालो. चार संध्याकाळींचा हिशेब डोक्यात यायला लागला. ती मात्र फोन स्वतःकडे वळवून बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "पण याचा शाइन डावीकडे आहे ना? मग सावलीपण डावीकडे कशी?" खरंच की. मला ते दिसलं नव्हतं. साताऱ्याच्या सरांनी तिला एलिमेंटरीला ए ग्रेड दिली असती.

आता ते प्रोग्रॅम सुधारतील, सावल्याही बरोबर पाडतील, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि सावली हेच सर्वस्व असंही नाही. त्याच आठवड्यात आम्ही दोघं डब्लिन कॅसलच्या आवारातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात गेलो. प्रवेश मोफत आहे, अजून गेला नसाल तर जा. तिथली मुघल लघुचित्रं पाहिलीत, तर माणसांची, झाडांची जमिनीवर सावली बहुधा पडतच नाही, आणि तरी कोणी तरंगत नाही. हे कसं जमतं, त्यावर परतीच्या बसमध्ये आमचा पाऊण तास वाद झाला. पंधरा वर्षांच्या मुलीशी पाऊण तास सलग बोलणं, आणि तेही बरंचसं मराठीत! ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

चित्र वहिनींना पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन. "भाऊजी, फोटो फार सुंदर आलाय. पण याला शेपूट कुठाय?"

माझा माउस बिनतारी! मी समोर ठेवून काढला तो तसाच. माउसला माउस म्हणतात तेच मुळी शेपटीमुळे. एंगेलबार्टच्या गटाने कॅलिफोर्नियात १९६४ मध्ये केलेला पहिला माउस म्हणजे लाकडी डबी, खाली काटकोनात दोन चाकं, आणि वायर निघायची मागून, मनगटाच्या बाजूने. आपल्या आयर्लंडमध्येही एके काळी लॉजिटेकचे माउस तयार व्हायचे, कॉर्कला, ते काम पुढे चीनला गेलं. ते बहुतेक शेपटीवालेच होते. शेपटीशिवाय उंदीर बाप्पाच्या पायाशी नेऊन ठेवायचा, म्हणजे वहिनींचं म्हणणं रास्तच.

माळ्यावरच्या खोक्यातून एक जुना तारेचा माउस काढला. वायर म्हणजे लांबलचक वाकडातिकडा दंडगोल, मध्ये उजळ, दोन्ही कडांना गडद, आणि जिथे ती टेबलावरून जरा उचललेली असते तिथे तिची सावली तिच्यापासून सुटून बाजूला पडते. दोन संध्याकाळी आणखी गेल्या. ती सुटलेली सावली लेकीने काढली.