संगणकातही नवऱ्याचीच बायको

गेल्या पावसाळ्यात आमच्यासारख्या संस्थांतल्या कार्यकर्त्यांसाठी दोन दिवसांचे एक प्रशिक्षण होते. विषय होता 'माहितीच्या आधारे निर्णय'. शिकवायला आलेले गृहस्थ पूर्वी मोठ्या कंपन्यांना याच कामात सल्ला देत असत. माणूस सज्जन, शिकवण्याची हातोटीही चांगली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या: 'डेटाला लिंग नसते.' म्हणजे साहेब पक्षपात करील, सरपंच करील, सासू करील. संगणक करणार नाही. निम्म्याहून अधिक बायकांनी ते वहीत उतरवून घेतले. मी घेतले नाही, पण तेव्हा उठून बोललेही नाही. आता बोलते आहे.

त्यांनी दिलेले उदाहरण आधी सांगते. अमेरिकेत टार्गेट नावाची मोठी दुकानसाखळी आहे. कोणते गिऱ्हाईक काय आणि कधी घेते याच्या नोंदी जुळवून तिथल्या संख्याशास्त्रज्ञाने सुमारे पंचवीस वस्तू अशा निवडल्या, की त्यांच्या खरेदीवरून बाई गरोदर आहे का आणि तिचे दिवस साधारण कधी भरतील, याचा अंदाज बांधता यावा. वस्तू अगदी साध्या, बिनवासाचे लोशन, झिंकच्या गोळ्या वगैरे. २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सने ही हकीकत छापली. त्यात एका बापाचा किस्सा होता. माझ्या शाळकरी मुलीला बाळाच्या कपड्यांची कूपने का पाठवता, म्हणून तो दुकानात भांडायला गेला, आणि मुलगी खरोखरच गरोदर आहे हे कळल्यावर त्यालाच माफी मागावी लागली. सभागृहात हशा पिकला. बापाची फजिती झाली म्हणून सगळे हसले. त्या मुलीने ही गोष्ट घरात कुणाला, कधी सांगायची, की सांगायचीच नाही, हा तिचा निर्णय दुकानाने काढून घेतला होता, त्याबद्दल कुणी काही म्हटले नाही. आमच्या सल्ला केंद्रात अशी मुलगी आली तर आम्ही आधी दार लावून घेतो.

यात जादू काही नाही. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड या गणितज्ञाने माहिती साठवण्याची एक रीत मांडली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची. एका ओळीत एक माणूस किंवा एक व्यवहार, उभ्या रकान्यांत त्याचे तपशील, आणि प्रत्येक ओळीला ओळख पटवणारी एक किल्ली. किल्ली जुळली की एका तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीला जोडता येते. तलाठ्याकडे आठ-अ आणि सातबारा गट क्रमांकावरून जुळतात, तसेच. अशा रचनेला इंग्रजीत 'रिलेशनल' म्हणतात, म्हणजे नात्यांची. धंद्यासाठी हे तक्ते जोडून मालकापुढे आकडे मांडणे म्हणजे 'बिझनेस इंटेलिजन्स', आणि त्यांच्या ढिगातून न विचारलेल्या गोष्टींचे नमुने उपसून काढणे म्हणजे 'डेटा मायनिंग', खाणकाम. पण खाणीत तेच सापडते जे आधी पुरलेले असते. कुणाची ओळ धरायची, कोणते रकाने आखायचे, कोणाला कोणाशी जोडायचे, हे खाणकामाच्या कितीतरी आधी माणसांनी ठरवलेले असते. लिंग तिथे असते.

आता आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची गोष्ट. तिचे नाव-गाव देत नाही. लग्नाला चौदा वर्षे झालेली, त्यातली शेवटची सहा माहेरी. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात दुसऱ्या बाईबरोबर राहतो. पोटगीचा दावा कोर्टात आहे आणि तारखा पडत आहेत. ही ब्लाउज शिवते. २०२४ च्या दिवाळीआधी तिला पिको-फॉलचे यंत्र घ्यायचे होते, म्हणून तिने घरोघर कर्ज देणाऱ्या एका कंपनीकडे तीस हजार मागितले. आईच्या वस्तीतल्या बायकांच्या गटाने तिची हमी घेतली होती. हप्ते वसूल करायला येणाऱ्या पोराने मोबाइलवर तिचा आधार क्रमांक टाकला, दोन मिनिटे थांबला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या घरावर आधीच दोन कर्जं चालू आहेत. सिस्टीम घेत नाही."

कोणत्या घरावर? तिने सहा वर्षांत कुणाचा रुपया घेतलेला नव्हता. नवऱ्याने मोटरसायकल घेतली होती आणि वर एक वैयक्तिक कर्ज काढले होते. लग्नात असताना तिच्या नावावर एकदा गटाचे कर्ज निघाले होते. पैसे त्यानेच वापरले, फेडले हिने. त्या फॉर्मवर 'पतीचे नाव' आणि त्याच्या ओळखपत्राचा क्रमांक लिहिलेला होता. कर्ज फिटले, पण ती जोडणी राहिली. बाई घरातून बाहेर पडली, तक्त्यातून पडली नाही.

तो पोरगा खोटे बोलत नव्हता. १४ मार्च २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जांसाठी जे निर्देश काढले, त्यांत कुटुंबाची व्याख्या अशी केली: नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे तारणाशिवायचे कर्ज द्यावे, आणि त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. कागदावर काहीच वावगे नाही. फक्त आमच्या बाईच्या बाबतीत नवऱ्याचे कर्ज तिच्या माथी मोजले गेले आणि त्याचे उत्पन्न तिला दिसतही नाही, मिळणे तर लांबच. जोडणी झाली ती फक्त वजाबाकीपुरती.

कुणी म्हणेल, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. तेही केले. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल फुकट मिळण्याचा हक्क २०१७ पासून आहे, तो मागवला. (मैत्रिणींनो, हे जरूर करा. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ कुणालाच याची माहिती नव्हती.) एप्रिल २०२४ पासून तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचीही तरतूद आहे. आम्ही तक्रार केली. उत्तर मुदतीत आले, भरपाईचा प्रश्नच उरला नाही. 'नोंद तपासली असता बरोबर आढळली.' आणि ती बरोबरच होती! कर्ज त्याचेच, तो नवराच, लग्न कायम. दुरुस्तीची सोय चुकीच्या नोंदीसाठी आहे, चुकीच्या व्याख्येसाठी नाही. मग घटस्फोटाचा कागद आणा म्हणाले. तिला घटस्फोट नको आहे, पोटगी हवी आहे, आणि समजा हवा असता तरी कोर्ट काय शिवणयंत्राच्या हंगामाची वाट पाहून निकाल देणार होते? यंत्र तिने घेतले. पैसे बाजारातल्या सावकाराचे, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. हे कर्ज मात्र कुठल्याही तक्त्यात नाही, त्यामुळे त्या व्यवस्थेच्या हिशेबी तिच्यावरचा बोजा वाढलेला नाही. जादा कर्जापासून तिचे रक्षण झाले, असेच तिथे दिसत असणार.

प्रशिक्षणात मी हे त्या गृहस्थांना नंतर, चहाच्या वेळी सांगितले. ते म्हणाले, "अशी केस अपवाद असते." अपवाद? २०११ च्या जनगणनेत 'विभक्त' म्हणून नोंदलेल्या स्त्रिया देशात तेवीस लाखांवर होत्या, घटस्फोटितांपेक्षा कितीतरी अधिक. त्यातही नवऱ्याने टाकलेली बाई दारात आलेल्या प्रगणकाला बहुधा 'विवाहित'च सांगते, हे या कामात असलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली. आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या वेगळ्या रेशनकार्डासाठी तहसील कचेऱ्यांवर भांडल्या. तेव्हाही साहेब हेच म्हणत, कार्ड कुटुंबाला मिळते आणि तुमचे कुटुंब नवऱ्याच्या गावी. निदान तेव्हा समोर साहेब होता. त्याच्या टेबलापुढे बसकण मारता येत होती. आज 'सिस्टीम घेत नाही' म्हटले की बसायचे कुठे?

हे फक्त खाजगी कंपन्यांचे आहे असेही नाही. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. कुटुंबाचे उत्पन्न तपासायचे म्हणून. विधवा आणि घटस्फोटित अडकल्या, ओरड झाली, मुदत वाढवावी लागली, आणि मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा, कोर्टाचा कागद देण्याची वाट काढली गेली. टाकलेल्या बाईकडे कोणता कागद असतो? टाकल्याचा दाखला कोण देतो?

मजा अशी की हा पेच संगणकशास्त्राला नवा नाही. कॉडनेच १९९० साली आपल्या पुस्तकात रिकाम्या रकान्याचे दोन प्रकार केले होते. एक, माहिती लागू आहे पण मिळालेली नाही. दुसरा, माहिती लागूच नाही. प्रत्यक्ष वापरातल्या भाषेत, म्हणजे एसक्यूएलमध्ये, दोन्हींसाठी 'नल' ही एकच खूण राहिली. 'नवऱ्याचे उत्पन्न ठाऊक नाही' आणि 'नवऱ्याच्या उत्पन्नाचा माझ्याशी संबंध नाही' या दोन वाक्यांत आमच्या बाईचे सगळे आयुष्य मावते, आणि यंत्राला ती दोन्ही सारखीच. त्यातून हा रकाना सक्तीचा केलेला असला, तर रिकामा सोडताही येत नाही. लाल चांदणी येते आणि पान पुढे सरकत नाही. मग फॉर्म भरणारा काहीतरी टाकतो. ते काहीतरी पुढे माहिती म्हणून खणले जाते.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. २०१० साली आंध्र प्रदेशात काय झाले ते विसरून चालणार नाही. एकेका बाईच्या अंगावर चार-पाच कंपन्यांची कर्जे, दारात वसुलीवाले, आणि आत्महत्यांच्या बातम्या. कर्ज देणाऱ्यांना लगाम घाला अशी मागणी तेव्हा झाली, ती रास्तच होती. २०११ च्या जानेवारीत मालेगाम समितीचा अहवाल आला, नंतर नियम आले, आणि कर्जदारांच्या नोंदी एकत्र पाहिल्याशिवाय कर्ज देऊ नये हे ठरले. नोंदी नकोत असे मी म्हणत नाही. नोंदी नसतील तर अत्याचार सिद्ध करताना पहिला तोटा आपल्यालाच होतो. माझा आक्षेप नोंदींतून कोणते प्रश्न विचारले जातात यावर आहे. थकबाकी तीस दिवसांवर गेलेले केंद्र कोणते, कोणत्या पिनकोडमध्ये धोका वाढतो आहे, कोणता वसुली कर्मचारी मागे पडला, ही उत्तरे शाखाधिकाऱ्याला रोज सकाळी पडद्यावर रंगांत दिसतात. बाईच्या नावावरचे किती कर्ज पुरुषांनी वापरले? हप्त्यासाठी कुणाचे मंगळसूत्र मोडले? हे कितीही खणले तरी निघणार नाही, कारण त्याचा रकानाच आखलेला नाही. आणि तो न आखण्यात कुणाचे तरी हित आहे. बायका वेळेवर फेडतात म्हणून तर ही कर्जे बायकांना दिली जातात. त्या कशा फेडतात हे कळले तर धंद्याचे चित्र एवढे गुलाबी उरणार नाही.

हे सगळे लिहायला बसले तेव्हा आमच्या स्वतःच्या केंद्राचे सॉफ्टवेअर उघडून पाहिले. निधी देणाऱ्यांनीच ते पुरवले आहे. 'वैवाहिक दर्जा' या रकान्यात चार पर्याय: अविवाहित, विवाहित, विधवा, घटस्फोटित. सहा वर्षे आम्ही टाकलेल्या बायकांना 'विवाहित' म्हणून भरत आलो, मीसुद्धा, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली. त्या आकड्यांवरून वार्षिक अहवालात गोल चकत्या काढल्या. आणखी एक. प्रकरण 'निकाली' निघाले की नाही एवढेच वर जाते, आणि बाई मार खायला परत गेली तरी 'समझोता' या शीर्षकाखाली ती यशात मोजली जाते. हे बदला असे आम्ही लेखी कळवले. पुढच्या आवृत्तीत पाहू, असे उत्तर आले. तोवर आम्ही जुनी जाड वही पुन्हा काढली आहे. तीत रेघा आम्हीच मारतो.

रिझर्व्ह बँकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा केला आहे. मागण्या मोठ्या नाहीत. वेगळ्या राहणाऱ्या बाईला स्वतःच्या लेखी निवेदनावर वेगळे कुटुंब मानावे. पोटगीचा अर्ज, मग तो जुन्या १२५ कलमाखालचा असो की नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ खालचा, किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालची तक्रार पुरावा म्हणून पुरेशी धरावी. घटस्फोटाचा कागद मागू नये. आणि कर्ज नाकारताना कुणाच्या कोणत्या नोंदीमुळे नाकारले, हे तिला मराठीत लिहून द्यावे, पोराच्या तोंडून नव्हे. ज्या गटांकडे असे नकार आले असतील, त्यांनी बाईची संमती घेऊन, नाव वगळून, तारीख, रक्कम आणि सांगितलेले कारण एवढे तीन तपशील मासिकाच्या पत्त्यावर पाठवावेत. पोस्टकार्ड चालेल. बावीस नकार जमले आहेत, त्यांतल्या सतरांत कारण नवऱ्याचे कर्ज हेच आहे.