येरवड्यातील सदस्य आणि सभापतींचे आसन

येरवड्याचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो १८७१ साली उभा राहिलेला तुरुंग. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींचे उपोषण आणि डॉ. आंबेडकरांशी झालेला करार यांमुळे त्या भिंती इतिहासात गेल्या. शालेय पुस्तकांत त्यांचे स्थान पक्के झाले. मात्र मुंबईतील विधान भवनात सभापतींसाठी जे उच्चासन मांडलेले आहे, त्याच्याशीही येरवड्याचे एक जुने नाते आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हे नाते ध्यानी घेतले, तर २०२२ ते २०२४ या काळात त्या आसनाबाबत जे घडू दिले गेले, त्याचे गांभीर्य अधिक स्पष्ट होईल.

लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलावर निवडून आले आणि १८९७ मध्ये त्यांची फेरनिवड झाली. त्याच वर्षी २७ जुलैला राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली, १४ सप्टेंबरला दीड वर्षाच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि त्या शिक्षेतील काही काळ त्यांनी येरवड्यात काढला. तेव्हा कौन्सिलाच्या अध्यक्षस्थानी कोण बसत असे? स्वतः गव्हर्नर. म्हणजे ज्या लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने खटला भरला, त्याच सरकारचा प्रमुख त्या सभेचा अध्यक्ष होता. सभासदाला तुरुंगात घालणारा आणि सभासदाच्या हक्कांचा रखवालदार एकच असल्यावर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. ते कौन्सिल एकच सभागृह होते. आजच्या अर्थाने वरिष्ठ सभागृह नव्हते. गव्हर्नरहून वेगळा असा अध्यक्ष मिळण्यास १९२१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सर नारायण चंदावरकर कौन्सिलाचे पहिले अध्यक्ष झाले. अर्थात तेही सरकारनियुक्तच. १९३७ मध्ये दोन सभागृहे झाली आणि मंगलदास पक्वासा वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले. पुढे १९८६ ते १९९८ अशी बारा वर्षे लोकमान्यांचे नातू जयंतराव टिळक यांनी विधान परिषदेचे सभापतिपद भूषविले. आजोबांच्या काळी जेथे गव्हर्नर बसत असे, तेथे नातू सभागृहाच्या विश्वासाने बसला. सुमारे नव्वद वर्षांत घडलेले हे परिवर्तन लहान नव्हे.

या परिवर्तनाची खरी कसोटी १९७५ साली लागली. आणीबाणी जाहीर झाली आणि येरवड्याच्या बराकी राजबंद्यांनी भरल्या. समाजवादी आणि संघाचे लोक, जे एरवी एका व्यासपीठावर बसले नसते, ते तेथे शेजारी शेजारी राहू लागले. त्यांत प्रा. ग. प्र. प्रधान होते. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे हे शिक्षक १९६६ पासून पुणे पदवीधर मतदारसंघाचे परिषदेतील प्रतिनिधी होते. येरवडा त्यांना नवा नव्हता. १९४२ च्या लढ्यात ते विद्यार्थिदशेत तेथे राहून आलेले होते. पहिल्या वेळी परक्या सरकारने आणि दुसऱ्या वेळी स्वकीयांच्या सरकारने एकाच माणसाला एकाच तुरुंगात धाडावे, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

तुरुंगातील सदस्याच्या दृष्टीने सभापती म्हणजे काय, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. सदस्याला अटक वा स्थानबद्धता झाली, की कारण आणि ठिकाण यांसह त्याची खबर सभापतींना तत्काळ द्यावी लागते आणि सभापती ती सभागृहाला सांगतात. घटनेच्या १९० व्या अनुच्छेदानुसार सभागृहाच्या अनुज्ञेवाचून सदस्य साठ दिवस गैरहजर राहिला, तर त्याची जागा रिक्त झाल्याचे सभागृह घोषित करू शकते. म्हणून कोठडीतील सदस्याला रजेचा अर्ज करावा लागतो. शिक्षक हेडमास्तरांकडे किंवा कारकून साहेबांकडे जसा अर्ज पाठवतो, तसाच. फरक इतकाच, की येथे अर्जदार स्वेच्छेने गैरहजर नसतो. स्थानबद्ध सदस्याने सभापतींना लिहिलेले पत्र तुरुंगाधिकाऱ्यांनी अडवू नये, हे तत्त्व मद्रास उच्च न्यायालयाने पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच मान्य केले होते. बाहेरच्या जगाकडे जाणारी सर्व दारे बंद झाली, तरी हे एक दार उघडे राहावे असा याचा अर्थ.

या दाराची महती अतिशयोक्तीने सांगण्याचे कारण नाही. सभापती सदस्याला तुरुंगातून सोडवू शकत नाहीत. प्रतिबंधक स्थानबद्धतेपुढे विधिमंडळाचा विशेषाधिकार थिटा पडतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे आणि १९७५ मध्ये त्याचा प्रत्यय आला. पण बंदिवान झालेला सदस्य हा सदस्यच राहतो, त्याची जागा चोरपावलांनी जात नाही आणि त्याच्या नावाचा उच्चार सभागृहात अधिकृतपणे होतो, एवढी हमी तरी या आसनामुळे मिळते. लोकशाहीत पुष्कळदा एवढ्याशाच गोष्टी शिल्लक राहतात.

त्या वेळी आसनावर वि. स. पागे होते आणि उपसभापती होते रा. सू. गवई. पागे काँग्रेसचे, १९६० पासून १९७८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, सभापती. त्यांचे नाव नोकरदार वर्गाला आठवत नसेल, पण त्यांच्या कर्तृत्वाची खूण दरमहा पगारपत्रकावर उमटते. सांगली जिल्ह्यातील विसापूर परिसरातील दुष्काळी माणसे पाहून पाग्यांनी मागेल त्याला काम देण्याची कल्पना मांडली. तिची रोजगार हमी योजना झाली, तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसला, आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. केंद्राने २००५ साली केलेल्या कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव उपयोगी पडला. शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या पगारातून कापले जाणारे ते दोनशे रुपये (फेब्रुवारीत तीनशे) हे एका सभापतीच्या विचाराचे फलित आहे. कर भरताना कोणाला आनंद होत नाही, हे खरे. तथापि सत्तेच्या धकाधकीतून एक पाऊल दूर असलेला माणूस राज्याला काय देऊ शकतो, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या विधिमंडळात सापडणे कठीण आहे. पाग्यांनंतर १९७८ मध्ये गवई सभापती झाले. ज्या येरवड्यात दलितांच्या प्रतिनिधित्वाचा करार झाला, त्या घटनेनंतर शेहेचाळीस वर्षांनी रिपब्लिकन पक्षाचा नेता वरिष्ठ सभागृहाच्या आसनावर बसला, याचीही नोंद झाली पाहिजे. आणि प्रधान? ते १९८० ते १९८२ या काळात याच परिषदेत विरोधी पक्षनेते होते. म्हणजे आणीबाणीत येरवड्यात बसलेला सदस्य पुढे गवईंच्या आसनासमोर विरोधकांच्या पहिल्या बाकावर उभा राहून बोलत होता.

आता अलीकडच्या काळाकडे वळू. ७ जुलै २०२२ रोजी रामराजे नाईक-निंबाळकर यांच्या सदस्यत्वाची मुदत संपली आणि सभापतिपद रिकामे झाले. विधानसभेचा अध्यक्ष विधानसभा विसर्जित झाली तरी नव्या सभेच्या पहिल्या बैठकीपर्यंत पदावर राहतो. परिषदेच्या सभापतीला ती सवलत नाही. सदस्यत्व गेले की आसन गेले. म्हणून घटनेचा १८२ वा अनुच्छेद सांगतो, की पद रिक्त होईल तेव्हा परिषदेने शक्य तितक्या लवकर दुसऱ्या सदस्याची निवड करावी. हे ‘शक्य तितक्या लवकर’ महाराष्ट्रात यायला १९ डिसेंबर २०२४ उजाडला! त्या दिवशी नागपूरच्या अधिवेशनात राम शिंदे यांची बिनविरोध निवड झाली. जी निवड बिनविरोध होऊ शकत होती, तिला जवळजवळ अडीच वर्षे का लागली, याचे समाधानकारक उत्तर जनतेला मिळालेले नाही. सभागृहातील संख्याबळाची गणिते जुळेपर्यंत घटनेने थांबावे, असा तर संकेत रूढ होत नाही ना?

या अवधीत कामकाज बंद पडले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. १८४ व्या अनुच्छेदानुसार उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांनी सभापतींची कर्तव्ये पार पाडली आणि कायद्याच्या दृष्टीने त्यात उणे काही नव्हते. पण जुलै २०२३ मध्ये त्यांनी शिंदे यांच्या नेतृत्वाखालील शिवसेनेत प्रवेश केला तेव्हा पेच उभा राहिला. विरोधकांनी त्यांच्या अपात्रतेची मागणी केली. तर निवडणूक आयोगाने मान्यता दिलेली मूळ शिवसेना तीच आहे, तेव्हा पक्षांतराचा प्रश्न येतोच कोठे, असे सत्ताधारी बाजूचे म्हणणे होते. दहाव्या परिशिष्टानुसार सदस्यांच्या अपात्रतेचा निवाडा सभापतींनी करायचा असतो. सभापती नाहीत आणि त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या व्यक्तीविरुद्धच तक्रार आहे, अशा वेळी निवाडा कोणी करायचा? यात कोणती बाजू बरोबर होती, हा येथे मुद्दा नाही. रिकाम्या आसनाने साधा प्रश्नही अवघड करून ठेवला, हा मुद्दा आहे. १८९७ मध्ये फिर्यादी आणि अध्यक्ष एक होते. २०२३ मध्ये न्याय मागायला गेलेल्याला दाराशी स्वतः प्रतिवादीच उभा दिसावा, अशी स्थिती झाली.

हा रोग एकट्या महाराष्ट्राचा नाही. सतराव्या लोकसभेने २०१९ ते २०२४ ही आपली सारी मुदत उपाध्यक्षावाचून काढली. ‘शक्य तितक्या लवकर’ या शब्दांत घटनाकारांनी विश्वास ठेवला होता. मुदत घालण्याची गरज त्यांना वाटली नाही. तो विश्वास फोल ठरल्यावर विधान परिषदेने स्वतःच्या कार्यपद्धतीच्या नियमांतच दिवसांची मर्यादा घालून घेणे हा साधा उपाय आहे. पद रिक्त होण्याची तारीख तर बहुधा सहा वर्षे आधीच ठाऊक असते; मग पहिल्याच अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात निवड का होऊ नये?

अठ्ठ्याहत्तर सदस्यांच्या या सभागृहात सात जागा पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या आहेत. डिसेंबर २०२० मध्ये निवडून आलेल्या पुणे विभागाच्या प्रतिनिधींची मुदत डिसेंबर २०२६ ची आहे. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील मतदाराला प्रत्येक वेळी नव्याने नाव नोंदवावे लागते, आणि पुष्कळ पदवीधर तेवढीही तसदी घेत नाहीत. मत मागायला येणारे उमेदवार वेतनश्रेणीची, निवृत्तिवेतनाची आणि अनुदानाची आश्वासने देतात, ती द्यावीतच. प्रा. प्रधानांच्या मतदारसंघात त्यांना आणखी एक गोष्ट विचारता येईल: सभापतींच्या निवडीला मुदत घालणारी नियमदुरुस्ती ते परिषदेत मांडणार आहेत काय, आणि कोणत्या अधिवेशनात?